हाताला तेल न लागलेले पाच दिवस

प्रति,
पाच दिवसांच्या उजळणी प्रशिक्षणाचे आयोजक यांस,

नमस्कार. मायन्यात 'सप्रेम' लिहिलेलं नाही, कारण तसं वाटत नाही. मनात नसलेलं लिहिण्याचं काम तुम्ही आमच्याकडून अभिप्रायाच्या फॉर्मवर दर वेळी करून घेता. या पत्रात ते होणार नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे लोक ज्याला आयटीआय म्हणतात तिथे, जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे. सव्वीस वर्षं झाली. या काळात तुमच्या नऊ वर्गांना बसलो. नऊ प्रमाणपत्रं घरी एका फाइलमध्ये आहेत आणि त्यातलं एकही मिळवताना माझ्या हाताला तेल लागलं नाही. दर वेळी तुमचं नाव वेगळं होतं, पद वेगळं होतं, कधी तुम्ही सरकारी होतात, कधी कंत्राटदार. म्हणून पत्रावर नाव घातलेलं नाही. काम मात्र नऊही वेळा तेच झालं.

शेवटच्या वर्गाची आठवण करून देतो. आम्ही त्रेचाळीस जण होतो. जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, संधाता, वीजतंत्री, मोटार मेकॅनिक, शिवणकाम, सगळे एका हॉलमध्ये, एकाच विषयाला. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि भाषणं साडेबारापर्यंत चालली. दुपारी पडद्यावर एका यंत्रमानवाचा हात आला आणि त्याखाली लिहिलं होतं 'उद्योग ४.०'. शिकवणारा मुलगा हुशार होता, नम्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याने तो हात स्वतः कधी चालवलेला नव्हता. चहानंतर मी विचारलं, "सीएनसी लेथवर टूल ऑफसेट कसा घ्यायचा, ते एकदा मशीनवर दाखवता का?" तो तुमच्याकडे बघायला लागला. तुम्ही म्हणालात, "ते आपल्या विषयात बसत नाही. पीडीएफ ग्रुपवर टाकतो." टाकलीत. दोनशे बारा पानांची होती आणि आमच्या संस्थेत जो कंट्रोल आहे त्याची नव्हती.

माझ्या शेजारी संधाता व्यवसायाच्या एक निदेशिका बसल्या होत्या. तीन वर्षांच्या मुलाला सासूबाईंकडे ठेवून, रात्रभर एसटीने प्रवास करून आल्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या पाइपला टिग वेल्डिंगने आतला पहिला थर कसा भरायचा, एवढंच त्यांना शिकायचं होतं. त्यांच्या गावाजवळ दुधाच्या प्रक्रियेचा कारखाना आलाय, तिथे हेच काम लागतं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना ते येत नाही म्हणून बाहेरची माणसं लागतात. पाच दिवसांनी त्यांच्या वहीत देहबोलीचे सात प्रकार होते.

तिसऱ्या दिवशी फोटो झाला. चौथ्या दिवशी सकाळी अभिप्रायाचे फॉर्म आले. त्यात पाचव्या दिवशीच्या सत्रांनाही गुण द्यायचे होते. मी दिले. त्रेचाळीस जणांनी दिले. तुमच्या अहवालात ते सगळे 'उत्कृष्ट' म्हणून गेले असतील.

आता एक हिशेब मांडतो, कारण तुम्हाला आकडे आवडतात. आमच्या प्रत्येकामागे वीस जणांची एक बॅच धरा. त्रेचाळीस गुणिले वीस, आठशे साठ मुलं. पाच दिवसांचे चार हजार तीनशे विद्यार्थी-दिवस. एवढे दिवस ती मुलं शेजारच्या बॅचमध्ये कोंबून बसवली गेली किंवा कार्यशाळेच्या बाहेर कट्ट्यावर बसली, कारण बदली निदेशक कुणीही देत नाही. हा खर्च तुमच्या कोणत्याही बिलात नाही. तो त्या पोरांनी भरला.

आमच्या कार्यशाळेच्या कोपऱ्यात एक सीएनसी लेथ आहे. एका योजनेतून आली. पुरवठादाराचा माणूस आला, दोन तास बटणं दाबून दाखवली, आमची सही घेतली आणि गेला. त्यानंतर प्राचार्यांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना एकच भीती होती: लाखो रुपयांचं मशीन, बिघडलं तर वसुली कुणाकडून? वर ताडपत्री पडली. तपासणी आली की ताडपत्री निघायची, मशीन पुसलं जायचं. मुलं विचारायची, "सर, हे कधी चालवायचं?" मी 'पुढच्या महिन्यात' म्हणायचो. अशा तीन बॅच बाहेर पडल्या. साठ मुलांना मी खोटं बोललो, आणि त्या खोट्याचं ओझं मला रोज होतं. कानस कशी धरायची, शिकंज्यात जॉब कोणत्या उंचीवर बांधायचा, व्हर्नियरचे दोन शतांश मिलिमीटर कसे वाचायचे, हे मी झोपेतही शिकवू शकतो. पण ज्या मुलाला उद्या कारखान्यात सीएनसीसमोर उभं राहायचं आहे, त्याला मी ताडपत्री दाखवत होतो.

शेवटी मी उन्हाळ्यात स्वतःची पंधरा दिवसांची रजा टाकली आणि भोसरीला गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे सात मशीनचं वर्कशॉप चालवतो. त्याला फोनवर म्हटलं, मला शिकव. तो दोन क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, सकाळच्या पाळीला या. सात वाजता."

तिथे मी काय शिकलो ते तुम्हाला नीट सांगणार आहे, कारण प्रशिक्षण म्हणजे काय हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. त्याने चकमध्ये एक गोल सळई बांधली आणि टूल हाताने आणून व्यासावर हलका काप घ्यायला लावला. मग म्हणाला, "आता फक्त झेडमध्ये बाहेर या. एक्सला हात लावायचा नाही." स्पिंडल थांबवला. मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. त्या क्षणी मला जिवात जीव आल्यासारखं झालं, कारण मायक्रोमीटर माझा होता, मीच त्याला तो वाचायला शिकवला होता. माप आलं ४८.२६. ऑफसेटच्या पानावर तो आकडा भरला, 'मेझर' दाबलं आणि मशीनला कळलं की टूलचं टोक कुठे आहे. एवढंच. ज्यासाठी मी तीन बॅच घालवल्या, ते समजायला चाळीस मिनिटं लागली. समजायला चाळीस मिनिटं, हातात बसायला नऊ दिवस.

चौथ्या दिवशी मी पहिला प्रोग्राम स्वतः लिहिला आणि एका ओळीत एक्सपुढे ५० लिहिताना दशांशाचा बिंदू द्यायचा राहिला. त्या कंट्रोलमध्ये बिंदूशिवाय लिहिलेले ५० म्हणजे पन्नास मिलिमीटर नव्हेत, पन्नास मायक्रॉन. टूल पन्नासच्या व्यासावर थांबण्याऐवजी थेट जॉबच्या मध्याकडे धावलं असतं. त्याने मला आधीच सवय लावली होती: नवा प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, वेग पंचवीस टक्क्यांवर, एक अंगठा थांबवण्याच्या बटणावर. म्हणून टूल वाचलं आणि चकही वाचला. तो ओरडला नाही. म्हणाला, "सर, हा बिंदू आता तुम्ही कधी विसरणार नाही. पोरांनाही विसरू देणार नाही." खरं आहे. आज माझ्या कार्यशाळेत तो बिंदू लाल खडूने फळ्यावर कायम लिहिलेला असतो.

आता मला सांगा, तुमच्या दोनशे बारा पानांत तो अंगठा कुठल्या पानावर होता?

आपल्या देशाला हे एके काळी कळत होतं. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, पण निदेशक घडवणारी पहिली संस्था तिच्याही आधी, १९४८ मध्ये, बिलासपूरजवळ कोनीला उघडली होती. मुलं वर्गात येण्याआधी त्यांना शिकवणारा तयार करायचा, हा क्रम स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षात कुणाच्या तरी डोक्यात पक्का होता. नंतर साठच्या दशकात आणखी सहा केंद्रीय संस्था आल्या: लुधियाना, कानपूर, हावडा, मुंबई, चेन्नई आणि हैदराबाद. मुंबईची चुनाभट्टीला. मी तिथे वर्षभर होतो. पाठनियोजन, प्रात्यक्षिक कसं दाखवायचं, तयारी-सादरीकरण-उपयोजन-मूल्यमापन या चार पायऱ्या, सगळं झालं. पण मला आठवतात ते तिथले एक सर. मी केलेला जोडीचा जॉब त्यांनी खिडकीकडे धरला. दोन भागांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. त्यांनी जॉब माझ्या हातात परत ठेवला आणि कानशीकडे बोट केलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी उजेड दिसला नाही. तेव्हा ते म्हणाले, "आता तू शिकवू शकशील." त्यांनी मला प्रमाणपत्रावर सही करून दिली तेव्हा माझ्या हाताला भेगा होत्या.

तुम्ही त्याच परंपरेचं नाव लावता. म्हणून माझा राग मोठा आहे.

आणि हे फक्त मशीन पडून राहण्यापुरतं नाही. यात जीव जाऊ शकतो. आमच्या संस्थेत शीतकरण आणि वातानुकूलन शिकवणारे एक निदेशक आहेत, माझ्यापेक्षा ज्येष्ठ, अत्यंत सरळ माणूस. ते शिकले तेव्हा फ्रिजमध्ये आर-१२ आणि एसीमध्ये आर-२२ हा वायू होता. गळती शोधायला हॅलाइड टॉर्च वापरत. ज्योत गळतीजवळ नेली की वायूतल्या क्लोरीनमुळे तिचा रंग हिरवट होतो. ते वायू पेट घेत नसत, त्यामुळे पद्धत चालून गेली. आज दुकानातून येणाऱ्या बऱ्याचशा घरगुती एसींमध्ये आर-३२ असतो, तो जळू शकतो. काहींमध्ये आर-२९० असतो, म्हणजे निव्वळ प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. दोन्हींत क्लोरीन नाही, म्हणजे टॉर्च गळती दाखवणारही नाही. बंद खोलीत गळणाऱ्या एसीजवळ एखादं पोर मात्र उघडी ज्योत नेईल.

आमचे हे सर दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती टॉर्च शिकवत होते. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनी तसंच शिकवलं होतं आणि मधल्या काळात त्यांना समोर उभं करून कुणी सांगितलं नाही की आता हे बंद. सर्व्हिस सेंटरमध्ये काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने फोन करून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी टॉर्च हातोड्याने ठेचून टाकली. मग स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि मागच्या चार-पाच वर्षांतल्या मुलांची नावं आठवून एकेकाला फोन लावत राहिले. संध्याकाळ झाली तरी लावत होते. त्यांचा हात थरथरत होता, ते मी पाहिलंय.

त्या वर्षी ते तुमच्या वर्गाला आले होते. तुम्ही त्यांना ताणतणावाचं व्यवस्थापन शिकवलंत.

मोटार मेकॅनिकचंही तेच. १ एप्रिल २०२० ला देशात वाहनांच्या धुराचं बीएस-६ मानक लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. मुलं ज्या गाडीवर बसून संस्थेत येतात, त्या गाडीचं इंजिन आमच्या कार्यशाळेत नाही. विजेच्या गाडीत नारिंगी वेष्टनाच्या केबलला हात लावण्याआधी काय तोडायचं आणि किती थांबायचं, हे निदेशकाने एकदा तरी स्वतः केलेलं असावं की नाही? सांगून येणारी गोष्ट नाही ती.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, नवव्या वर्गाच्या जेवणाच्या रांगेत तुम्ही ते दिलं होतं: निदेशकांनाच शिकायचं नसतं. मागच्या रांगेत झोपतात, दुपारी सही करून पळतात. हो, पळतात. सातव्या वर्गात चौथ्या दिवशी मीही पळालो होतो आणि त्याची मला लाज वाटते. पण त्याच मागच्या रांगेतल्या लोकांना मी रात्री लॉजच्या खोलीत पाहिलंय. एक वीजतंत्री दुसऱ्याला पीएलसीची वायरिंग कागदावर काढून दाखवत होता. रात्री साडेअकरापर्यंत. ज्याला शिकायचं नसतं तो असं करत नाही. तुमच्या हॉलमध्ये जे मिळत नव्हतं ते तो लॉजमध्ये गोळा करत होता. आमच्यातल्या तासिका तत्त्वावरच्या निदेशकांना तर तुम्ही तो हॉलही दाखवत नाही. ते कायम नाहीत म्हणून यादीत नाहीत. पण आमच्या संस्थेत अर्ध्या बॅच तेच शिकवतात. मुलाला काय माहीत, समोरचा माणूस कायम आहे की तासावर?

दुसरं उत्तर पैशांचं असतं. ते आता चालणार नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआयच्या उन्नतीसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,०००, उद्योगांचे १०,०००. एक हजार सरकारी संस्था त्यात आहेत आणि ५०,००० प्रशिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी ज्या पाच राष्ट्रीय संस्था वाढवायच्या आहेत त्या भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियानाच्या. मुंबई त्यात नाही, ते ठीक आहे, आम्ही हैदराबादला जाऊ. भामरागडचा निदेशक जाईल, देवरुखचा जाईल, रेल्वेने उभ्याने जाईल. मला भीती वेगळीच आहे. पन्नास हजार हा आकडा तुमच्या हातात पडेल, तुम्ही त्याला त्रेचाळीसने भागाल आणि हॉल शोधायला लागाल.

तसं करू नका. हे मी हात जोडून सांगतो आहे आणि रागाने सांगतो आहे, दोन्ही.

जोडाऱ्याला शिवणकामाच्या निदेशिकेबरोबर एका विषयाला बसवू नका. दोघांचाही वेळ जातो. एका मशीनवर दोनपेक्षा जास्त माणसं उभी करू नका, तिसरा फक्त बघतो आणि बघून कुणी जोडारी झालेला नाही. आम्हाला तीन-चार वर्षांतून एकदा पंधरा-वीस दिवस कारखान्यात पाठवा. भेट देऊन चहा पिऊन परत यायला नव्हे; पाळीत, डबा घेऊन, ऑपरेटरच्या शेजारी उभं राहायला. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुठेही. तेवढे दिवस माझ्या बॅचला कोण शिकवणार, हे माझ्या आदेशपत्रातच लिहा. ते लिहिलेलं नसेल तर प्राचार्य मला सोडणार नाहीत आणि त्यांचं चुकत नाही. आणि शेवटच्या दिवशी फॉर्म देऊ नका, जॉब द्या. माझ्याकडून एक तुकडा करून घ्या, मापा, माप चुकलं तर परत करायला लावा. प्रमाणपत्र नंतर. नापास करायचं तर करा. चुनाभट्टीच्या त्या सरांनी मला चार वेळा नापास केलं होतं आणि त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे.

शिकवण्याची पद्धत शिकवू नका असं मी म्हणत नाही. जर्मनीत कारखान्यातल्या कसबी माणसालाही शिकाऊ मुलं हाताखाली घेण्याआधी शिकवण्याची परीक्षा द्यावी लागते, त्याचा नियम १९७२ मध्ये आला. तिथे आधी कसब तपासतात, मग पद्धत. आमच्यापैकी अनेकांना पद्धतही पुन्हा शिकायची गरज आहे; एकट्या पडलेल्या, पहिल्या महिन्यात संस्था सोडून जाणाऱ्या मुलाला कसं थांबवायचं हे मला अजून नीट येत नाही आणि कुणी शिकवलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. पण ते शिकवणाऱ्याने अशा मुलाला कधीतरी थांबवलेलं असावं.

दहाव्या वर्गाचं पत्र परवा आलं. पुढच्या महिन्यात, पाच दिवस, हॉलचा पत्ता ओळखीचा आहे. मी येणार आहे, कारण आदेश आहे. येताना माझा मायक्रोमीटर बरोबर आणेन आणि पहिल्या दिवशी, दिवा लावण्याआधी, उभा राहून विचारेन की मशीन कुठे आहे. चौथ्या दिवशी फॉर्म आला तर 'प्रत्यक्ष सराव' या रकान्यात जेवढे तास मशीनला हात लागला तेवढेच लिहीन. बाकी बेचाळीस जणांनाही तेच सांगणार आहे. त्या संधाता व्यवसायाच्या निदेशिकेला कालच फोन केला. त्या म्हणाल्या, मी फॉर्मच्या मागच्या बाजूलाही लिहीन.

तोवर इथली खबर एवढीच: ताडपत्री आता घडी करून कपाटावर ठेवली आहे. या सोमवारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिला ऑफसेट घेतला. वीसपैकी अकरा जणांचा बरोबर आला. उरलेल्या नऊ जणांना मी परत मशीनवर उभं केलं आहे.

आपला,
एक शिल्प निदेशक (जोडारी)